सहाशे खटले जिंकलेला कोट

मी एक काळा कोट बोलतोय. वकिलाचा नव्हे, वकिलाचं काम करणाऱ्या नटाचा.

वडशाच्या बाजारात मला शिवलं. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत लटारूभाऊंच्या अंगावर चढून मी गावोगाव फिरलो. शेवटच्या अंकात कोर्ट भरायचं, भाऊ टेबलावर मूठ आपटायचे आणि निरपराध नायिका सुटायची. सहाशे प्रयोगांत एकही खटला हरलो नाही.

मग नाटक कंपनीच बुडाली. बँकेचं कर्ज भाऊंच्या नावावर. वसुलीवाले आरमोरीच्या घरी येऊन भाऊंच्या बायकोच्या, नंदिनीच्या, शिलाई मशीनकडे बघू लागले. घर चालत होतं ते त्या मशीनवर, आणि मांडीवर आठ महिन्यांची पोर. भाऊंनी गडचिरोलीच्या कोर्टात दिवाळखोरीचा अर्ज द्यायचं ठरवलं.

"वकील करू ना एखादा," नंदिनी म्हणाली.

"अवं, सहाशे केसा जिंकल्या म्या! मले वकील काऊन पाह्यजे?"

नंदिनी बी.ए. झालेली. पण कोर्टाचा कागद वाचला की तिला वाटायचं, आपण मराठी शिकलोच नाही. तिने अर्जाचा कागद भाऊंकडेच सरकवला.

अर्जाला मालमत्तेची यादी लागते. भाऊंनी नाटकाच्या पेटीतलं सामान, कंपनीत म्हणतात तसंच, प्रामाणिकपणे उतरवलं: सोन्याचे मुकुट तीन, हिऱ्यांचा हार एक, राजसिंहासन एक. शिलाई मशीन एक, शौकाची.

तारखेला मला घालून भाऊ उभे राहिले. "मायलॉर्ड!"

न्यायाधीशांनी आधी मला पाहिलं. "वकील आहात?"

"नाई साहेब, कलाकार."

"मग कोट काढा."

तिथंच मी पहिला खटला हरलो. यादी वाचून साहेब म्हणाले, "तीन सोन्याचे मुकुट असलेला माणूस दिवाळखोर कसा?" बँकेचा वकील लगेच उठला. "सिंहासन जप्त करावं, साहेब. मशीन पण." भाऊंनी सवयीने विंगेकडे बघावं तसं मागे पाहिलं. आतून वाक्य पुरवणारं तिथं कोणी नव्हतं.

साहेबांनी पुढची तारीख दिली. नंदिनीने पोरीला कडेवर घेऊन व्हरांड्यातच संघप्रियाबाईंना गाठलं. त्या खऱ्या वकील. त्यांनी हसू आवरत नवी यादी केली. मुकुट पत्र्याचे झाले, हिरे काचेचे.

"मशीन शौकाची काऊन लिहिली, भाऊ?"

"बायकोच्या कमाईवर जगते म्हणून लोक हासतीन ना."

"हासू द्या. कारागिराचं हत्यार जप्त होत नाई, शौकाची वस्तू होते. आन् वसुलीवाले आले तर माझा नंबर द्या."

"मंग मी कोर्टात काय बोलू?"

"काहीच नाई."

एवढी अवघड भूमिका भाऊंना कधी मिळाली नव्हती. पुढच्या तारखेला ते दोनदा उठले. दोन्हीदा नंदिनीने सदरा ओढून बसवलं. साहेबांनी अर्ज दाखल करून घेतला, मशीन जप्तीतून वगळली. तरी नंदिनीचा जीव थाऱ्यावर नाही. "बाई, पोरगी मध्येच रडली, त्यानं निकाल तं नाई बदलणार?"

कर्ज काही जादूने गेलं नाही, तारखा चालूच आहेत. मशीनही चालू आहे. मी खिळ्यावर लटकलोय.

बाबांनो, नाटकात मला खुशाल घाला, टाळ्या मिळवून देईन. खऱ्या कोर्टात जायचं तर खरा कोट गाठा. माझ्या आत नुसतं अस्तर आहे.