टायरची कुंडली

“स्वामीजी, हातमोजे घालून सांगाल का?”

एवढाच प्रश्न. पण तो हैदराबादेत, काचीगुड्याच्या मैदानात, खंडेनवमीच्या वाहनपूजेला जमलेल्या अख्ख्या गर्दीसमोर विचारायचा होता. “तू काय विचारतेस! आमच्यापुढेच वाघीण,” माझ्या मैत्रिणीनं, राणीनं डिवचलं होतं. दुसरीनं, हर्षदानं तर पैजच लावली. आणि मी विचारला! माइकवर!

पण आधी चमत्कार ऐका.

चक्रानंद स्वामी अष्टमीलाच अवतरले होते. डोळ्यांवर कापूस, त्यावर काळी पट्टी. ते टायरवर हात फिरवायचे आणि गाडीची कुंडली सांगायचे. आमच्या गाडीपाशी बसले आणि घुमत्या आवाजात म्हणाले, “एकशे पंच्याऐंशी... पासष्ट... मग आर. आर म्हणजे राहू! पण पुढे पंधरा, म्हणजे पौर्णिमा! राहूला पौर्णिमेनं झाकलंय. या वाहनाचा जन्म सोळा सालच्या पावसाळ्यातला.”

बाबा थक्क! गाडी खरंच सोळा साली गणपतीच्या तोंडावर घरी आली होती. शेजारचे केशवरावकाका, सरकारी नोकरीतून रिटायर झालेले, चष्मा सावरत वाकले आणि बाबांकडे बघून ओरडले, “अहो मुकुंदराव, हे बघा! एकशे पंच्याऐंशी, पासष्ट, पंधरा! टायरवर उमटलंय की हो सगळं!”

“उमटलं?” आईनं हात जोडले.

उमटलं म्हणे! कारखान्यातून निघाला तेव्हापासून ते आकडे त्या टायरवर होते. नऊ वर्षं आमच्या घरात कुणी वाकून बघितलं नव्हतं, एवढंच.

मला हसू फुटणार तेवढ्यात स्वामी म्हणाले, “चारही चक्रं सिद्ध आहेत. बदलू नका. लिंबू बांधा, पुढच्या दसऱ्यापर्यंत भय नाही.”

आणि माझं हसू विरलं. माझ्या मोठ्या बहिणीला, सुप्रियाताईला सातवा महिना लागलाय. तिला बाळंतपणासाठी आणायला बाबा दसरा झाला की लातूरला जाणार होते, आणि त्याआधी टायर बदलायचे ठरले होते. बाबांनी तिथल्या तिथे दुकानदाराला फोन लावला, “नक्को भाई, टायर अब नक्को.”

त्या संध्याकाळी मी पार्किंगमध्ये मांडी घालून बसले, डोळे मिटले आणि टायरवर बोटं फिरवली. अय्यो! आकडे चक्क बोटांना लागत होते! अर्ध्या तासात मीही सिद्धपुरुष झाले. आकड्यांचा अर्थ फोनवर शोधला आणि राणी-हर्षदाला सांगितला. त्या म्हणाल्या, “मग विचार की सगळ्यांसमोर!”

तर, हातमोजे.

“बस गं पोरी खाली,” गर्दीतून कुणीतरी खेकसलं. स्वामी मंद हसले. “बाळ, चामडं अपवित्र असतं.”

“चामडं नाही, रबर आहे, स्वामीजी. टायरसारखंच!” राणीनं तिचे गोलकीपरचे जाडजूड हातमोजे पुढे केले. पोरं खिदळली. केशवरावकाका म्हणाले, “घाला हो महाराज, दाखवाच या पोरींना.” भक्तानंच आग्रह केल्यावर करतात काय! घातले.

स्वामी एका लाल गाडीपाशी बसले. हात फिरला. परत फिरला. आरती म्हणून होईल एवढा वेळ फिरला.

“हे वाहन... पूर्वेकडून आलंय.”

“शोरूम मेहदीपट्टणमला आहे,” गाडीवाल्या बाई म्हणाल्या. मेहदीपट्टणम इथून पश्चिमेला!

“टायर रुसलाय!” स्वामी गरजले.

मग हर्षदानं माझ्या डोळ्यांवर ओढणी बांधली. बाजूच्याच आमच्या गाडीपाशी मी बसले, बोटं टेकवली आणि वाचत गेले. “एकशे पंच्याऐंशी मिलिमीटर टायरची रुंदी. टायरच्या बाजूची उंची त्या रुंदीच्या पासष्ट टक्के. आर म्हणजे रेडियल, आतल्या धाग्यांची बांधणी. राहूचा काही संबंध नाही. पंधरा इंच रिमचा व्यास. अठ्ठ्याऐंशी म्हणजे एका टायरनं पेलायचं वजन, पाचशे साठ किलो. टी म्हणजे वेग, ताशी जास्तीत जास्त एकशे नव्वद. आणि हे खाली चार आकडे, अठ्ठावीस सोळा. टायर बनला सोळा सालच्या अठ्ठाविसाव्या आठवड्यात. जुलै. पावसाळा!”

कुणीतरी टाळी वाजवली. बाबांनी मात्र वाजवली नाही. ते हळूच म्हणाले, “म्हणजे... नऊ वर्षं झाली याला?”

“हौ बाबा. रबर वयानं कडक होतं, चिरतं. ह्या भेगा बघा. यांनी टायरचं वय वाचलं, सगळ्यांना ऐकवलं, आणि वर म्हणाले बदलू नका!”

स्वामींनी पट्टी सोडली. डोळे एकदम ठणठणीत होते. मागच्या गेटची वाट त्यांना लगेच दिसली.

केशवरावकाका आपल्याच गाडीच्या टायरपाशी गुडघे टेकून बसले होते. पुटपुटले, “एवढंच होय? हे तर मलाही वाचता येतंय.”

मला हेच तर सांगायचंय! जे लिहिलंय ते वाचा, जे कळत नाही ते विचारा. पट्टी बांधलेल्या माणसाला आपली उघड्या डोळ्यांची कामं देऊ नका.

आई चाकाचं लिंबू सोडत पुटपुटली, “पण खंडेनवमीला पूजा तर करायलाच हवी ना गं?”

“करू की. आई, बाबा, माझं ठरलंय. टायर बदलल्याशिवाय ताई या गाडीत बसणार नाही, हे मी तिला आत्ताच फोन करून सांगतेय. आणि यापुढे आपल्या गाडीची पूजा मी करणार. आधी टायर वाचणार, मग कुंकू लावणार.”