मामबेतालीचा डोंगर

दाढीवाल्या परदेशी पाहुण्यानं आपले ओले मोजे चुलीवरच्या दोरीवर, नेमके दुधाच्या पातेल्यावर टांगले. बुरुलनं ते चिमटीत धरून तंबूबाहेर टाकले आणि दोनदा हात धुतले. पाहुणे होते, म्हणून बोलली काही नाही.

कोकशालच्या त्या खोऱ्यात वर्षा-दोन वर्षांनी गिर्यारोहकांची अशी एखादी टोळी यायची. दलदलीत ट्रक रुतवत, हिमनदीच्या तोंडाशी घाण करून ठेवत. हे तिघं परदेशी, दोन पुरुष आणि एक बाई, आज शिखरावरून उतरले होते. त्यांना ट्रकमधून आणणारा एसेनबेक, बुरुलच्या नणंदेचा मुलगा, त्यांच्याहून जास्त उड्या मारत होता.

"मामी, ऐक तरी. डोंगराला नाव दिलं यांनी. बोनी! या बाईची कुत्री होती म्हणे, गेल्या साली मेली."

"कुठल्या डोंगराला?"

"तोच की, हिमनदीवरचा."

बुरुल खाली बसली. तिचा थोरला मुलगा रांगत होता तेव्हा तिचा नवरा चुकलेल्या याकांमागे त्या हिमनदीवर गेला आणि वादळात तिथंच राहिला. ना प्रेत मिळालं, ना कबर झाली. इथले मेंढपाळ कुरणांना, ओढ्यांना, खिंडींना नावं देतात; शिखरावर चरायला काय आहे? पण तेवढ्या एका शिखराला सगळं खोरं मामबेतालीचा डोंगर म्हणायचं. बुरुल सोडून. नवऱ्याचं नाव तिनं जन्मात घेतलं नव्हतं.

"यांनी जाताना मला डोंगराचं नाव विचारलं होतं," ती म्हणाली. "मी म्हटलं, मला घेता येत नाही, तू सांग."

"मी सांगितलं, नाव नाही."

"का रे?"

"नाव असलेल्या डोंगरासाठी एवढ्या लांब कोण तंगडतोड करतंय? बिननावाचा म्हटलं की धावत येतात. मामाला आता काय फरक पडतो?"

मामाच्याच खांद्यावर बसून हा पोरगा घोडी बघायला जायचा. बुरुलला त्याची शिसारी आली. आणि त्याच्यावर सोडून गप्प बसलेल्या स्वतःचीही.

ती परदेशी बाईसमोर गेली. दारातून दिसणाऱ्या बर्फाकडे तिनं बोट केलं.

"मामबेताली," ती म्हणाली. "माझा नवरा आहे तिथं. एसेनबेक, सांग त्यांना."

एसेनबेक हसून काहीतरी बोलला. बाईनं खूश होऊन बुरुलचा हात थोपटला.

"काय सांगितलंस?"

"म्हटलं, मामी तुमचं कौतुक करतेय. जाऊ दे ना आता."

बुरुलनं चहा ओतायला घेतला. आपल्या माणसाला, पाहुण्याला पेला अर्धाच द्यायचा, म्हणजे तो पुन्हा मागतो, बसून राहतो. काठोकाठ भरला की त्याचा अर्थ, पी आणि ऊठ. एसेनबेकचा पेला तिनं काठोकाठ भरला.

तो बघत राहिला. मग मान खाली घालून, पोळत असतानाही, एका दमात प्यायला आणि टोपी उचलून ट्रककडे गेला.

दाढीवाल्यानं हसत आपलाही पेला पुढे केला, तेवढाच भर म्हणून खूण केली. तो पाहुणा होता. बुरुलनं अर्धाच ओतला.