आबांचं कपाळ

फलटणजवळच्या एका गावातल्या जोतिबाच्या उसाची सरी बघायला जाणारी-येणारी माणसं बांधावर थांबायची, एवढी ती दोरीत असायची. वाकडं म्हणून काही त्याला खपतच नसे. डोकं मात्र तिशीतच उजाड झालं, आणि त्याचं त्याला सोयरसुतकही नव्हतं. टोपी होती की.

पण गेल्या साली त्याच्या वडिलांना, आबांना, विसरायचा आजार जडला. त्यांना सून आठवायची, विकून टाकलेल्या बैलांची नावं आठवायची, पोटचा लेक तेवढा आठवेना. त्यांच्या मनातला जोतिबा दाट केसांचा, पंचविशीतला. समोर यायचा तो कुणीतरी टकल्या परका. "पाव्हणं, च्या घेतला का?" असं ते रोज अदबीनं विचारायचे आणि जोतिबा आतल्या आत तुटायचा. शेवटी त्यानं सांगलीला जाऊन केस लावून घ्यायचं ठरवलं. गाव हसलं. बायको, विजयमाला, हसली नाही. आबांना घरी कोण सांभाळणार म्हणून त्यांनाही घेऊन ती सोबत निघाली.

सांगलीच्या दवाखान्यात डॉक्टर संयोगितांनी केस कुठून लावायचे त्याची रेघ जोतिबाच्या कपाळावर शाईनं काढली आणि हात धुवायला गेल्या. जोतिबानं आरशात पाहिलं. रेघ कुठं आत, कुठं बाहेर, सगळीच नागमोडी. एवढ्या शिकलेल्या बाईला साधी रेघ ओढता येऊ नये? त्यानं टेबलावरचा पेन उचलला आणि या कानशिलापासून त्या कानशिलापर्यंत रेघ झकास सरळ करून ठेवली.

बाई परत आल्या आणि बघतच राहिल्या.

"हे काय केलंत?"

"सरळ केली, मॅडम. वाकडी झालती."

"तुमच्या डोक्यामागं काढण्यासारखे केस थोडेच आहेत. ते एकदाच लावता येतील. या रेघेवर लावले तर टोप घातल्यासारखे दिसाल. मग वडील ओळखतील?"

बाईंनी आबांना आत बोलावून खुर्चीवर बसवलं. ऐंशीतही म्हाताऱ्याचे केस दाट होते.

"तुमचं कपाळ यांच्यासारखंच होतं का?"

"व्हय. समदी म्हनायची, बापाचंच कपाळ घिऊन आलाय."

"मग बघा जरा." त्यांनी त्याच्या हातात भिंग दिलं.

त्यानं भिंग आबांच्या कपाळावर धरलं. तिथं रेघ नव्हतीच. पुढं लवेसारखा बारीक एकेक केस, त्यामागं दोन-दोन, मग हळूहळू दाटी. एकही दुसऱ्याच्या ओळीत नव्हता. डावीकडं एका भोवऱ्यापाशी सगळे अलगद वळले होते. ज्या बापाच्या नजरेला नजर द्यायची त्याची कधी छाती झाली नव्हती, त्याचं कपाळ तो पहिल्यांदाच इतक्या जवळून बघत होता. हे कुणी लावलं असेल, या विचारानं त्याच्या अंगावर काटा आला. हात जोडावेसे वाटले.

"पाव्हणं, काय हुडकताय?" आबांनी विचारलं.

"काय न्हाई, आबा. बसा तुमी." मग तो बाईंना म्हणाला, "पुसा ती रेघ. तुमच्या मनासारखी वाकडी काढा."

दिवसभर काम चाललं. आबा समोर पेंगत होते. बाई त्यांच्या कपाळाकडं बघायच्या आणि जोतिबाच्या कपाळात एकेक केस बसवायच्या.

महिनाभरात लावलेले केस गळाले. गळणारच, असं बाईंनी सांगितलं होतं, तरी जोतिबाला जेवण गोड लागेना. मग तोडलेल्या उसाला फुटवा यावा तशी कोवळी लव दिसू लागली. रोज आरशात बघून तो थक्क व्हायचा, आणि रोज आबांच्या पुढ्यात जाऊन पाव्हणाच ठरायचा.

पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी तो आंघोळ करून, ओले केस मागं सारत सोप्यात आला. आबा चहा पीत होते. बशी तशीच हातात धरून ते त्याच्याकडं कितीतरी वेळ बघत राहिले. भुवया आक्रसल्या.

"जोत्या, दिस कुठं आला बघ की. उसाला पानी सोडायचंय, दारं कोन मोडायचं? तुजा बाप?"

विजयमाला चुलीपासून उठून दारात आली. जोतिबा बापाच्या पायाशी बसला. आबा आळशी, कामचुकार, उंडगा अशी एकेक शिवी देत राहिले, आणि तो डोळे पुसत सगळं ऐकत राहिला.