सरकीला भेटायला आलेली माणसं

देवपुरातल्या पार्वताबाईंइतकं पेशंटला भेटायला जाणारं माणूस अख्ख्या धुळे जिल्ह्यात शोधून सापडलं नसतं. भावकीत कुणाचा पाय मुरगळू दे, कुणाचा मुतखडा निघू दे, पार्वताबाई कापडी पिशवीत बिस्किटांचा पुडा आणि एक शहाळं टाकून एसटीला हात दाखवायच्या. मग ते पारोळा असो, पिंपळनेर असो, नाहीतर दोंडाईचा. पोचल्यावर थेट पेशंटच्या उशाशी बसायचं, "फार बोलू नका, पेशंटला त्रास होतो," असं बाकीच्यांना बजावायचं आणि मग स्वतः दोन तास बोलायचं, हा त्यांचा शिरस्ता. पेशंट मात्र बरे व्हायचे. निदान पार्वताबाईंना स्टँडवर सोडून येण्याइतके तरी बरे व्हायचेच.

त्यांची स्वतःची तब्येत ठणठणीत. सत्तरी जवळ आली तरी दाढ हललेली नाही की गुडघा कुरकुरलेला नाही. लोक कौतुक करायचे, पण पार्वताबाईंना आतून या तब्येतीचा थोडा रागच होता. आजवर एवढे पुडे त्यांच्या हातून लोकांच्या घरी गेले, त्यांच्या घरी मात्र 'पेशंटसाठी' म्हणून एकही पुडा कधी आला नव्हता. त्यांचे मालक गेले तेही झटक्यात, भेटायला यायची कुणाला सवड न देता. एकदा तर त्यांना वाटलं होतं, आपल्यालाही जरा ताप यावा. फार नको, चार माणसं येऊन बसतील एवढाच. आला नाही.

आणि मग त्या घरात पहिल्यांदा ऑपरेशन झालं ते सरकीचं.

सरकी म्हणजे त्यांची सशाची मादी. मुलगा संघपाल दोन वर्षांपूर्वी जळगावहून येताना घेऊन आला, तेव्हा ती मुठीत मावत होती. रंग कापसाच्या सरकीसारखा करडा आणि अंगावर तशीच लव, म्हणून नाव सरकी. पार्वताबाईंनी पहिल्या दिवशी "हे घाण करणारं जनावर मला घरात नको," म्हणून सांगितलं आणि तिसऱ्या दिवशी तिच्यासाठी जुन्या लुगड्याची गोधडी शिवायला घेतली. रोज सकाळी सरकीचा एक फोटो भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जायचा. त्यामुळे पारोळ्यापासून दोंडाईच्यापर्यंत सगळे तिला नावानिशी ओळखत होते.

पण मोठी झाल्यावर सरकीला एक विचित्र खूळ लागलं. नर आसपास नाही, काही नाही, तरी तिला वाटायचं आपल्याला पिल्लं होणार. मग ती स्वतःच्या छातीची लव दातांनी उपटायची, गवत गोळा करायची, कोपऱ्यात सुरेख बिछाना घालायची आणि त्या रिकाम्या बिछान्यावर पहारा देत बसायची. हात लावला की गुरगुरायची. महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा तेच. त्या दिवसांत पार्वताबाई त्या कोपऱ्यात झाडूही मारायच्या नाहीत.

"पिशवी काढून टाकू," जनावरांच्या डॉक्टर रोशनी पावरा म्हणाल्या. "नाहीतर पुढे तिथे गाठ होण्याची भीती असते. ऑपरेशन नेहमीचं आहे, पण भूल दिली की थोडा धोका असतोच."

संघपाल डोकं खाजवत राहिला. सून शिल्पाने सासूकडे बघितलं.

"करा," पार्वताबाई म्हणाल्या.

म्हणजे शब्द त्यांचा होता. ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टरांनी सरकीला घरी पाठवलं, दुखण्याचं औषध दिलं, उचलू नका, उड्या मारू देऊ नका, ऊब द्या असं सांगितलं. आणि शेवटी म्हणाल्या, "सशाचं पोट थांबून चालत नाही. माणसासारखं लंघन त्याला सोसत नाही. तिने खाल्लं पाहिजे आणि लेंड्या टाकल्या पाहिजेत. उद्या दुपारपर्यंत लेंडी दिसली नाही, तर लगेच इकडे या. आणि घरात शांतता ठेवा. घाबरली तर ती तोंड उघडणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी सरकी पुढची बाजू कापलेल्या खोक्यात, गोधडीवर, अंग आकसून बसली होती. कान पाठीला चिकटलेले, डोळे अर्धे मिटलेले. गवताची काडी जशीच्या तशी. शिल्पाने बिनसुईच्या सिरिंजने थोडी पातळ पेज तिच्या गालात सोडली, ती अर्धी पोटात गेली आणि अर्धी शिल्पाच्या ड्रेसवर आली. पार्वताबाई दर थोड्या वेळाने गुडघ्यांवर बसून खोक्यात डोकावायच्या. ज्या लेंड्यांच्या नावाने बोटं मोडत त्यांनी दोन वर्षं झाडू मारला, त्यातली एक दिसावी म्हणून आज त्या जीव टाकत होत्या.

"आई, चहा तरी घ्या," शिल्पा म्हणाली.

"तिने खाल्लं की घेईन. मीच कापायला दिलं ना तिला."

शिल्पाने चहा झाकून ठेवला. तिने ग्रुपवर लिहिलं: 'सरकीचं ऑपरेशन झालं. घरी आणलं आहे. अजून खात नाही. आई फार काळजीत आहेत.' एवढं लिहून तिने फोन बाजूला ठेवला आणि भावकीच्या ताकदीचा तिला साफ विसर पडला.

उन्हं वर आली तशी दारात क्रूझर थांबली. दारं उघडली आणि माणसं उतरू लागली ती थांबेचनात. पारोळ्याहून पार्वताबाईंचे धाकटे दीर चिंधा आबा, त्यांची बायको शेवंताबाई, त्यांच्या दोन सुना, शेजारचे दोघे आणि वाटेत हात दाखवला म्हणून घेतलेली एक म्हातारी. मागोमाग भावकीतल्याच दोंडाईच्याच्या यशोदाबाई स्टँडवरून रिक्षा करून हजर. प्रत्येकाच्या हातात पिशवी. चिंधा आबांचा आवाज एका बांधावरून चौथ्या बांधावर जाणारा. त्यांनी अंगणातूनच हाक दिली, "जयभीम वहिनी! कशी शे सरकी? काही खाधं का तिनी?"

खोक्यात सरकी दचकून कोपऱ्यात सरकली. पार्वताबाई ज्या वेगाने बाहेर आल्या तो वेग पाहून एसटीलासुद्धा लाज वाटली असती. त्यांनी थेट दिराच्या तोंडावर हात ठेवला.

"बोलू नका भाऊ," त्या कुजबुजल्या. "पेशंटले तरास व्हस."

हे वाक्य भावकीने आजवर शंभरदा ऐकलं होतं, पण त्याच्या पुढे दोन तास बडबड न होण्याची ही पहिलीच वेळ. शेवंताबाई दबक्या आवाजात म्हणाल्या, "अक्का, इतला लांबून बठ्ठा जण उनूत, नि बोलानं बी नही?"

"नही."

आणि मग देवपुरातल्या त्या बैठकीच्या खोलीत एक अघटित घडलं. खानदेशातली दहा-बारा माणसं भिंतीला पाठ लावून ओळीने बसली आणि कुणीही बोलेना.

फोन मुके झाले. पंख्याची खरखर नको म्हणून पंखा बंद. चहा आला तो बशीत न ओतता प्यायचा, कारण बशीचा फुरका मोठा होतो. पण पेशंटला भेटायला आलेल्या माणसाने आपल्या ऑपरेशनची गोष्ट न सांगता परत जायचं, हे कसं जमणार? आधी यशोदाबाईंचा धीर सुटला. त्यांनी पोटावर बोटाने आडवी रेघ मारली, मग दोन्ही हातांनी भोपळ्याएवढा आकार दाखवला. त्यांची गाठ केवढी होती ते सगळ्यांना कळलं. यशोदाबाईंचा भोपळा बघून चिंधा आबांना राहवेना. त्यांनी सदरा वर केला, अपेंडिक्सचा व्रण दाखवला, मग डोळे फिरवून, मान टाकून भूल चढल्याचा असा हुबेहूब अभिनय केला की धाकटी सून घाबरून उठली. क्रूझरमधली म्हातारी, जिला इथे कोण आजारी आहे हेही नीट माहीत नव्हतं, तिने तोंडात बोट घालून सगळ्या पडलेल्या दातांची हकिगत दाखवली. शिल्पा ओढणी तोंडात कोंबून स्वयंपाकघरात पळाली. संघपाल तिच्या मागे गेला, आणि दोघं ओट्याला धरून आवाज न करता इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं.

मग चिंधा आबांना शिंक आली. त्यांनी नाक दाबलं, डोळे वटारले, दोन्ही हातांनी धोतर सावरत दारातून बाहेर धाव घेतली, गल्ली ओलांडली, पलीकडच्या किराणा दुकानामागे गेले आणि तिथे शिंकले. ती तिथूनही ऐकू आली, पण लांबून येते तशी.

पार्वताबाई हसत नव्हत्या. त्यांचे डोळे खोक्यावर होते. एवढी माणसं आली, आता यांच्यासमोर काही वाईट झालं तर? सूर्य माथ्यावर आला होता. "शिल्पा," त्या हळूच म्हणाल्या, "डॉक्टरांकडे न्यायची तयारी कर." त्यांचा आवाज ऐकून खोलीतली सगळी गंमत विझली. शेवंताबाईंनी जावेचा हात हातात घेतला.

तेवढ्यात कुर्रर्र असा बारीक आवाज आला.

पेशंटच्या घरावर भार नको म्हणून शेवंताबाईंनी भरिताचं सगळं सामान पारोळ्याहून आणलं होतं, आणि ती पिशवी खोक्याला टेकून ठेवली होती. पिशवीतून कोथिंबिरीची जुडी बाहेर डोकावत होती, शेतातली, मुळांसकट. सरकीने मान लांब केली होती. एक देठ तिच्या तोंडात होता आणि तो हळूहळू आत चालला होता. कुर्र, कुर्र. नाक फुरफुर हलत होतं. देठ संपला, तिने दुसरा ओढला.

पार्वताबाईंनी सापाच्या बिळात हात घालावा इतक्या सावकाश पिशवीत हात घालून मिरच्या आणि कांद्याची पात काढून घेतली. कोथिंबीर तिथेच राहू दिली. पुढचा देठ गेला. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात हलवायची त्यांना भीती वाटत होती.

भरीत करायला घेतलं, पण बडगीत, म्हणजे लाकडी उखळीत, मिरच्या ठेचल्या तर धाडधाड आवाज होणार. म्हणून बडगी, लसूण, मिरच्या आणि चिंधा आबा अशी वरात गल्लीच्या टोकाच्या घरी रवाना झाली. भाजलेली वांगी हाताने कुस्करली. भरीत बिनकोथिंबिरीचं झालं आणि कुणीही त्याबद्दल ब्र काढला नाही.

जेवणं चालू असताना यशोदाबाईंचा घास हातातच थांबला. त्यांनी खोक्याकडे बोट केलं. गोधडीवर, लुगड्याच्या जुन्या काठावर, एक गोल, काळसर, वाटाण्याएवढी लेंडी पडली होती. आणि सगळे बघत असतानाच तिच्या शेजारी दुसरी आली.

चिंधा आबा ताटावरून उठले. त्यांनी दोन्ही हात वर केले, तोंड पूर्ण उघडलं आणि एक शब्दही न काढता नाचायला लागले. यशोदाबाईंनी त्यांच्याभोवती गिरकी घेतली. सुना एकमेकींच्या गळ्यात पडल्या. शेवंताबाईंनी उष्ट्या हातानेच पार्वताबाईंच्या कानशिलावरून बोटं मोडली, म्हातारी बसल्या बसल्या खांदे उडवत होती. अनवाणी पावलांची धपधप होऊ नये म्हणून सगळे चवड्यांवर नाचत होते. संघपालने लेंडीचा फोटो डॉक्टरांना पाठवला, आणि घाईत तो ग्रुपवरही गेला. नाचता नाचता सगळ्यांचे खिसे थरथरले. मग त्याच खोलीतून त्याच खोलीत फुलं, टाळ्या आणि हार जायला लागले.

डॉक्टरांचा फोन आला. "छान. आता खात राहू द्या. आणि औषध चुकवू नका. एवढी शांतता कशी ठेवलीत?"

"माणसं आली होती," पार्वताबाई कुजबुजल्या.

उन्हं कलल्यावर क्रूझर निघाली. गल्लीत येऊनही कुणी मोठ्याने बोलेना, सवयच लागली होती. पार्वताबाई गाडीच्या दाराशी उभ्या राहिल्या. "भाऊ," त्या म्हणाल्या, "एक सशासाठी इतला लांब उनात तुम्ही?"

चिंधा आबांनी मागे घराकडे बघितलं, मग वहिनीकडे. आणि जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात बोलले.

"वहिनी, तुम्ही कव्हय आजारीच पडतस नही. मग आम्ही तुम्हले भेटाले कव्हय येवानं? कव्हयनी वाट देखी राहिनूत आम्ही."

गाडी वळून गेली तरी पार्वताबाई तिथेच उभ्या होत्या. मग आत आल्या. सरकी गोधडीवर अंग सैल सोडून, मागचे पाय लांब करून पडली होती, आणि खोक्यासमोर बिस्किटांच्या पुड्यांची रास लागली होती. सशाला बिस्किटं चालत नाहीत, हे भावकीतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

"शिल्पा," पार्वताबाईंनी हाक मारली, "आता चहा टाक."

त्या सरकीशेजारी जमिनीवर बसल्या, वरचा पुडा फोडला आणि एक बिस्किट चहात बुडवून खाल्लं.