आईचा बीपी कोण मोजणार?

"गरोदरपणात वाढलेले बीपी आणि शुगर बाळंतपणासोबत संपले असं समजू नका. दरवर्षी दोन्ही तपासा, कोलेस्टेरॉलही बघा. पुढे हे सगळं हृदयावर येतं," दवाखान्यातून सुट्टी देताना डॉक्टरीणबाईंनी मला बजावलं होतं. मी हो हो म्हटलं आणि बाळाची टोपी शोधू लागले. मुलगी झाली होती; पुढे तिचं नाव मित्रा ठेवलं. सासूबाई तर हसल्याच. "पोट मोकळं झालं, आता कायचा बीपी?"

त्यानंतर आमच्या घरात फक्त मित्रा मोजली गेली. वजन, उंची, दात. येणारा प्रत्येक जण झबलं आणायचा, मला मेथीचा लाडू खायला लावायचा आणि विचारायचा, "पोरगी रात्री झोपते ना?" मी झोपते का, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

वाडीतली आमची खोली दुसऱ्या मजल्यावर. या हिवाळ्यात मित्राला घेऊन जिना चढताना मला मधेच टेकावं लागायला लागलं. डोकं ठणकायचं. घरी सांगितलं.

"लेकरू कडेवर घेऊन चढशीन तर दम लागनच ना वं!" सासूबाई म्हणाल्या.

माझे मिस्टर, प्रेमानंद, बुटीबोरीच्या कारखान्यातून ड्यूटी करून आलेले. मोजे काढत म्हणाले, "झोप नाही होऊन राहिली तुही. चहा मांड."

मित्राच्या दीड वर्षाच्या लसीला आरोग्य केंद्रात गेले. सिस्टरने तिचं वजन केलं, सुई टोचली. टेबलावर बीपीचं मशीन होतं. मी हात पुढे केला.

"ते गरोदर बायांसाठी आहे. तुमचं काय आता? लस तर पोरीची होती."

"माझा मोजा."

"ओ ताई, सरका ना!" मागून आवाज आला. "आमचीबी लेकरं रडून राहिली."

मी बाही वर सारली आणि बसून राहिले. हट्टानेच.

सिस्टरने पट्टा बांधला. आकडा बघून दुसऱ्या हाताला बांधला. "एकशे सत्तर, एकशे दहा. ताई, तुम्ही चालत आल्या?"

पुढच्या तपासण्यांत शुगर वाढलेली, कोलेस्टेरॉलही. हृदयाची भिंत जाड व्हायला लागली होती. दम त्याचाच. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. पण आता दिलेली गोळी बरं वाटलं म्हणून बंद करू नका.

प्रेमानंद माझ्यावरच चिडले. "इतकं होऊन राहिलं होतं तर सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणाले, चहा मांड."

मेथी निवडता निवडता सासूबाईंचा हात थांबला. "प्रेमानंदच्या वेळेस माहाबी बीपी वाढला होता म्हणत. नंतर कोणी मोजलाच नाही."

नंतर म्हणजे आजपर्यंत! त्यांचा मुलगा आता बाप झाला. उद्या त्यांना बीपी मोजायला नेणार आहे. रुसल्या तरी.

तुमच्याही माहितीत अशी कुणी असेल, गरोदरपणात बीपी किंवा शुगर वाढलेली. तिचं बाळ आता शाळेतही जात असेल. आज तिला फोन करा. बाळाचं नंतर विचारा. आधी विचारा, तिने स्वतःचा बीपी शेवटचा कधी मोजला?