चौदा अक्षरांचा नियम

मावशींच्या रागाची गोष्ट सांगायची तर आधी थोरल्याची सांगायला हवी. थोरला म्हणजे मुलगा नव्हे. औषधांच्या गोदामात, तिसऱ्या मजल्यावर, मावशींच्या देखरेखीखाली चालणारा कपाटाएवढा काळा संगणक. कुठल्या गाडीत कुठलं औषध चढवायचं याची यादी तो तेवीस वर्षं रोज काढत आला होता आणि तळमजल्यावरच्या संगणकातल्या सामायिक फोल्डरमध्ये टाकत आला होता. हमाल ती तिथून घेत. एकदा म्हणे छत गळून त्याच्या डोक्यावर बादलीभर पाणी पडलं, तर पठ्ठ्याने एक शिंक दिली आणि यादी काढली. खोटं वाटत असेल तर मावशींना विचारा. पण आज नको.

आज मावशी पेटल्या होत्या. दोन दिवस यादी फोल्डरमध्ये पोचत नव्हती. त्या ती छापून, तीन जिने उतरून हातोहात देत होत्या. त्यात सकाळी साहेबांनी सुनावलं, "बाराच्या आत जोडणी झाली नाही तर हा डबा भंगारात. मग मावशी, तुम्हालाही इथे काम उरणार नाही."

तळमजल्यावरचं नेटवर्क कोणाच्या ताब्यात? मावशींच्या जावयाच्या! दुसरा कोणी असता तर त्याची सालटी निघाली असती. पण लेक सुखात नांदत होती, आणि जावयाला अरेतुरे कसं करणार?

"जावईबापू," दात आवळून त्या म्हणाल्या, "काल माझ्या यंत्राला हात कोणी लावला?"

"मीच, आई. बंद करून चालू केलं. म्हटलं, सुटेल गुंता."

"अहो, तुमच्या संगणकाच्या नावाचा फोल्डर मी माझ्या यंत्रावर हाताने बनवते. यंत्र बंद केलं की तो पुसला जातो. विचारायला तोंड दुखलं होतं का?"

"जुनं झालंय हो ते."

"जुनी तर मीही आहे. मलाही बंद करून चालू करा!"

मावशींनी वर जाऊन फोल्डर पुन्हा बनवला. तरी दार उघडेना. दोन्हीकडे नाव आणि पासवर्ड तंतोतंत एकच असेल तरच खालचा संगणक थोरल्याला आत घेई. त्या पुन्हा खाली उतरल्या. पायऱ्यांनी म्हणे तेव्हा श्वास रोखून धरला होता.

"पासवर्ड बदललात?"

"सगळ्यांचेच, परवा. नवा नियम आहे. चौदा अक्षरांच्या खालचा चालत नाही."

"थोरला दहाच्या वर अक्षरं घेत नाही."

खोली गार करणारं यंत्र घुरघुरायचं थांबलं.

"हे तुम्हाला पहिल्याच दिवशी लिहून दिलं होतं मी. कुठाय तो कागद?"

जावयाने नकळत खाली पाहिलं. मावशी वाकल्या. टेबल डुगडुगू नये म्हणून त्याच्या पायाखाली कागदाची एक चौघडी सारली होती. ती ओढताच टेबल कलंडलं आणि कपातला चहा त्याच्या पँटवर सांडला. कागदावर मावशींचं अक्षर: 'दहाच अक्षरं.' खाली दोन रेघा.

"माझी तेवीस वर्षं तुम्ही टेबलाच्या पायाखाली घातलीत, जावईबापू!"

"चुकलंच. पण नियमावर माझी सही आहे, आई. थोरल्याच्या एका खात्यापुरता सोडायचा तर साहेबांना कारण लिहून द्यावं लागेल."

"मग द्या. पावणेबारा झालेत."

त्याने लिहिलं, 'तांत्रिक कारण.'

"खोडा. खरं लिहा."

त्याने खोडलं. 'सूचना लेखी मिळाली होती. मी वाचली नाही.' सही करताना कान लाल झाले होते.

"आता पासवर्ड कोणता ठेवू?"

"'चूक माझी.' इंग्रजीत आठ अक्षरं, पुढे आजच्या तारखेचे दोन आकडे. झाली दहा."

"आई!"

"तुमच्या हाताने टाका. मी वर जाऊन माझ्याकडे टाकते."

बाराला चार मिनिटं असताना यादी फोल्डरमध्ये पडली. हमालांनी एकच गलका केला. साहेब वर डोकावले. "काय अडलं होतं, मावशी?"

"खाली विचारा. लेखी मिळेल."

आता नको झालेल्या छापील याद्यांचा गठ्ठा न्यायला जावई वर आला तेव्हाही मावशींच्या मुठीत तो कागद होता.

"आई, हे घरी नका ना सांगू."

"घरी कशाला सांगू? घरी तुम्ही जावई आहात. इथे आधी खाली जाऊन टेबल धरा. डुगडुगतंय."