हाड बसल्याचा आवाज

घोंगडीखालून ‘कट्ट’ असा आवाज आला आणि गर्दीने रोखून धरलेला श्वास एकदम सोडला. पाठोपाठ शंख वाजला. पुलगावकडून आलेल्या एका म्हातारीचे मोडलेले मनगट महाराजांनी तेवढ्यात ‘बसवले’ होते. म्हातारी रडत होती. आनंदाने की वेदनेने, हे विचारण्याची तिथे पद्धत नव्हती.

हे १९९७ सालच्या जानेवारीतले, आर्वी तालुक्यातल्या चिंचखेडीचे दृश्य. गावाबाहेरच्या टेकाडावर उंच चौथरा, चौथऱ्याला पायऱ्या आणि वर व्याघ्रचर्माच्या नक्षीचे सोलापुरी अंथरूण घालून बसलेले हाडजोडे महाराज. तिथला कायदा एकच होता: जो पायऱ्या चढून वर येईल, त्याचेच हाड जुळेल. दर गुरुवारी एसटीच्या जादा गाड्या सुटत. पहिल्या रांगेत आमच्या महाविद्यालयाचे भौतिकशास्त्राचे दोन प्राध्यापक मांडी घालून बसलेले पाहिले, तेव्हा विज्ञान शिकवणे आणि विज्ञान शिकणे या दोन वेगळ्या क्रिया असल्याचा माझा जुना संशय पक्का झाला. मी इतिहास शिकवतो. चमत्कारांच्या शेकडो वर्णनांतून माझे आयुष्य गेले आहे, आणि त्या सगळ्यांत एक वस्तू हटकून आढळते: नेमके जिथे पाहायचे तिथे घातलेले पांघरूण.

“डाक्टर काय करते?” महाराज विचारत होते. “फोटो काढते! अरे, फोटोनं हाड जुळते का? नवरीचा फोटो पाहून संसार होते का कोनाचा?”

लोक खदखदून हसले.

“हाड म्हणजे मानसातला महादेव हाय. महादेवाले कोनी प्लास्टर करते का रे, लेकहो? त्याले फक्त हाक माराव लागते. थो ‘कट्ट’ म्हणून ओ देते!”

माझ्या शेजारी माझी भाची मयुरी उभी होती. वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात ती अस्थिरोगाचे पुढचे शिक्षण घेत होती आणि संक्रांतीसाठी आमच्याकडे आली होती. तिला मीच मुद्दाम इथे आणले होते.

“मामा,” ती हळूच म्हणाली, “जुळणारं हाड आवाज करत नाही. ते जुळायला आठवडे लागतात आणि ते काम फार मुकाट्यानं चालतं. निखळलेला सांधा बसताना आवाज येतो, हे खरं. पण आजींचं मनगट निखळलेलं नव्हतंच. ते मोडून वाकडं झालं होतं, आणि बघा, अजून तस्संच वाकडं आहे.”

“मग लोकांना गुण येतो तो?”

“वर कोण पोचतं ते पाहा ना. ज्याची मांडी मोडली तो पायरी चढेल का? चढतो तो मुरगळलेला, मुका मार लागलेला. तो घरी बसूनही बरा झाला असता.”

मी थक्क झालो. यशाची इतकी चोख चाळणी मोठमोठ्या साम्राज्यांनाही जमलेली नाही. अपयशाला दारातच अडवायचे, आणि तेही देवाच्या नावाने!

एवढ्यात टेकाडाखाली गलका झाला. एक बैलबंडी चढण चढून येत होती. पुढे चालत होते महादेवराव, गावातले कापसाचे व्यापारी आणि महाराजांचे मोठे भक्त. बंडीत कुटाराच्या भुशावर नागेश नावाचा तरुण गोंड मजूर उताणा पडला होता, आणि त्याचे डोके मांडीवर घेऊन त्याची बायको दामिनी बसली होती.

आमच्याकडे कापसाची बंडी भरताना एक माणूस ढिगावर चढून कापूस तुडवतो. दाबून भरला की एक खेप वाचते. ढीग घरापेक्षा उंच होतो आणि माणूस वर नाचत राहतो. त्या सकाळी बैलांनी अचानक हिसका दिला आणि नागेश मानेवर खाली आला. चौघांनी हातपाय धरून त्याला दुसऱ्या बंडीत टाकले आणि दवाखान्याचा रस्ता सोडून इकडे आणले. दवाखान्यात ‘कसा पडला, कोणाच्या कामावर पडला’ असे विचारतात. महाराज विचारत नाहीत. महादेवरावांच्या भक्तीत या सोयीचा वाटा किती, हे मी ठरवणार नाही. शंका मात्र नोंदवून ठेवतो.

मयुरी बंडीत चढली. “दादा, मान अजिबात हलवायची नाही. हो-नाहीसुद्धा तोंडानंच सांगा. पायाची बोटं हलवता येतात?”

बोटे हलली.

“हातात मुंग्या येऊन राह्यल्या,” नागेश म्हणाला. “मान लय दुखते.”

“पानी देऊ का, बाई?” दामिनीने विचारले. “कवापासून मागून राह्यले.”

“नको. ओकारी आली तर श्वासात जाईल. तू फक्त दोन्ही हातांनी डोकं असं सरळ धरून ठेव. तुझी मांडी मी हळूच बाजूला काढते.”

तेवढ्यात दोन उत्साही तरुण बंडीला भिडले. त्यांनी नागेशच्या काखेत हात घालण्याची तयारी केली.

“हात लावू नका!” मयुरी कडाडली. “याच्या मानेचं हाड मोडलेलं असू शकतं. आत्ता पाय चालू आहेत. उभा केलात तर कायमचे जातील.”

“डाक्टरीनबाई, मानूस माह्या कामावरचा हाय,” महादेवराव म्हणाले. “माही जिम्मेदारी. महाराज पाहून घेतीन. तुमी कायले तकलीफ घेता?”

वरून आवाज आला, “कोन अडवून राह्यलं रे थ्याले? येऊ द्या वर! मानूस उभा राह्यला म्हणजे हाड उभं राह्यते!”

मयुरी दामिनीकडे वळली. “तू सांग. तुझा नवरा आहे. हा वर्ध्याला जायला हवा, आडवा, फळीवर.”

दामिनीने नवऱ्याच्या कानाशी वाकून त्यांच्या बोलीत काही विचारले. त्याने डोळे मिटले. मग तिने मयुरीला जे विचारले, त्याला माझ्या सगळ्या ग्रंथसंग्रहात उत्तर नव्हते.

“बाई, महाराजानं हाड बसवलं तं आवाज येते. मी सोताच्या कानानं आयकला. तुमच्या दवाखान्यात येते का असा आवाज?”

“नाही येत.”

“मंग मी कोनावर इस्वास ठेवू?”

प्रश्न चोख होता. तिच्या हातात नवऱ्याचे डोके होते आणि पुरावा म्हणून जगाने तिच्यापुढे एवढा एकच ठेवला होता. मयुरीने वर चौथऱ्याकडे, घोंगडीकडे पाहिले. “तो आवाज कशाचा ते मी तुला दाखवते,” ती म्हणाली. “मी खाली येईपर्यंत याला कोणी हलवणार नाही, एवढं वचन दे.”

“देतो,” दामिनी म्हणाली. ‘देते’ऐवजी ‘देतो’ म्हणणाऱ्या आमच्याकडच्या बायका एकदा बोलल्या की मागे फिरत नाहीत.

मयुरी डावे मनगट उजव्या हाताने सांभाळत पायऱ्या चढली. मी मागोमाग गेलो.

“महाराज, काल विहिरीवर घसरून पडले. फार ठणकतंय.”

महाराजांनी मनगट चाचपले, डोळे मिटले, मान हलवली. “दोन तुकडे! बेटा, दोन तुकडे! एक तं कोपराकडे सरकून राह्यला. उद्या आली असती तं हात कापाव लागला असता.”

“अरे बाप्पा!” गर्दीतून उद्गार निघाला.

घोंगडी पडली. मंत्र सुरू झाला. त्यात संस्कृत होते, हिंदी होते, आणि मधूनच, मला वाटते, आर्वी ते तळेगाव रस्त्यावरचे एसटीचे थांबेही होते. मग सगळे शांत झाले, आणि ‘कट्ट!’

शंख फुंकला जाण्याआधी मयुरीने डावा हात वर केला. “हे मनगट मोडलेलंच नव्हतं. मी काल कुठंही पडले नाही.”

पण ठकाची बुद्धी पंडितापेक्षा चपळ असते.

“आता नाईच मोडलेलं!” महाराज हात पसरून म्हणाले. “आताच तं जुळवलं! पाहा लेकहो, इतकं साफ जुळवलं का मोडलं होतं हेच पोरगी भुलली!”

हशा उसळला. महादेवरावांनी टाळी वाजवली. त्या टाळीतच मयुरीने उजवा हात घोंगडीबाहेर काढला. त्यात महाराजांच्या मांडीखालून तिने खेचलेली तुराटी होती. तुरीची वाळलेली, सोललेली, बोटभर जाडीची काडी, मधोमध मोडलेली, आतला भेंड पांढराशुभ्र. तिने काडीचा उरलेला तुकडा सगळ्यांना दिसेल असा उंच धरला आणि मोडला.

‘कट्ट!’

त्या गर्दीतली प्रत्येक बाई रोज सकाळी चुलीपुढे बसून नेमका हाच आवाज करत होती. उजेडात तो सरपणाचा आवाज होता. घोंगडीखाली गेला आणि देवाचा झाला.

मी अंथरुणाचा कोपरा उचलला. खाली पुढच्या चमत्कारांची मोळी बांधून ठेवलेली होती.

“थे प्रतीक हाय!” महाराज ओरडले. “हाडाचं प्रतीक!”

आमच्या भौतिकशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी ‘प्रतीक’ या शब्दावर समाधानाने मान डोलावली. माणूस फसला हे कबूल करण्यापेक्षा गहन शब्द गिळणे सुशिक्षितांना नेहमीच सोपे जाते.

महादेवरावही सावरले. “आवाज खोटा असन, बाई. पन गुन तं येते नं? किती मानसं आपल्या पायानं घरी गेली, मी पाह्यलं हाय!”

“आणि जी गेली नाहीत ती?” मयुरीने विचारले. “ती कुठं आहेत?”

मग पायऱ्यांजवळून एक वाळका, उंच म्हातारा उठला. वडनेरचा तानबा. तो दर गुरुवारी इतक्या लांबून येतो, हे सगळ्यांना ठाऊक होते. महाराजांनी त्याला सांगितले होते की श्रद्धा कमी पडली. ती भरून काढायला तो येत असे.

“माहा पोरगा घरी हाय,” तानबा म्हणाला. “लिंबावरून पडलता. अथी आनला तवा पाय हलवत होता. बाबा, गुदगुल्या नोको करू, असा हासलाबी होता. मीच काखेत हात घालून चढवला त्याले. अर्ध्या पायऱ्यांवर किंचाळला. मंग पाय माह्या मांगं घासत आले. आवाज झाला, शंख वाजला. पाय नाई आले.”

वाऱ्याने घोंगडीचे टोक हलत होते. महाराज ते सारखे करण्यात गुंतले.

दामिनीने इकडे पाहिलेदेखील नाही. तिचे दोन्ही हात नागेशच्या कानांवर घट्ट होते. “कोनी हात नोका लावू,” ती म्हणाली. “फळी आना. मालक, तुमची मॅटॅडोर गाडी आना.”

“अवं, मॅटॅडोरमंदी माल भरून हाय…”

“खाली करा!” हे गर्दीतून कोणी म्हटले ते कळले नाही, पण पुष्कळांनी म्हटले.

लोकांनी चौथऱ्यामागच्या महाराजांच्या कोठीचे दार बिजागरीतून काढले. मयुरीने आम्हा चौघांना बंडीत जागा नेमून दिल्या. “डोकं माझ्याकडे. मी सांगितल्याशिवाय कोणी हलायचं नाही, आणि हलायचं ते सगळ्यांनी एकदम. माणूस ओंडक्यासारखा एकसंध वळला पाहिजे. डोकं, पाठ, कंबर एका रेषेत.” तिच्या शब्दावर नागेश किंचित कुशीवर वळला, दार पाठीखाली सरकले, आणि तो पुन्हा उताणा झाला. प्राध्यापकांच्या शालींच्या गुंडाळ्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना आल्या. कपाळ, छाती आणि मांड्या धोतरांच्या पट्ट्यांनी दाराला बांधल्या. बोटे अजून हलतात ना, हे मयुरीने बांधण्याआधीही पाहिले आणि बांधल्यावरही.

मॅटॅडोर निघण्याआधी तानबा जवळ आला.

“बाई, खरं सांगजो. माह्या पोराले मीच पांगळं केलं का?”

‘नाही’ म्हणणे किती सोपे होते! मयुरीने ते म्हटले नाही.

“चढवायला नको होतं, काका. ते तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. ज्यानं चढवायला सांगितलं, तो वर बसलाय. पोराला घेऊन या. पाय परत येतील असं मी म्हणणार नाही. पण पडून पडून पाठीला जखमा झाल्या असतील. त्या बऱ्या होतात. त्याला बसता येईल, चाकाच्या खुर्चीत फिरता येईल.”

“गुरुवारी आनू?”

“गुरुवार कशाला? उद्याच आणा. आडवा, फळीवर.”

नागेशच्या मानेचा एक मणका तडकला होता. मज्जारज्जू बचावला होता. काही आठवडे वजन लावून त्याला झोपवून ठेवले, आणि होळीच्या सुमारास तो आपल्या पायांनी घरी गेला. कसलाही आवाज झाला नाही.

तेव्हा माझी विनंती अगदी साधी आहे. कोणी झाडावरून, बंडीवरून, गाडीवरून पडला, तर त्याला बसवू नका, उभा करू नका, पाणी पाजू नका. श्वास चालू आहे ना ते पाहा. मान आणि पाठ आहे तशी ठेवा. हात किंवा पाय मोडला असेल, तर मोडलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा सांधाही हलणार नाही असा काठीला बांधा. ओढू नका, चोळू नका. फळी शोधा, माणसे गोळा करा, गाडी बोलवा. आणि कोणी तुम्हाला पायऱ्या दाखवून म्हणाला की इथे माणसे बरी होतात, तर बऱ्या झालेल्यांची नावे तो न विचारता सांगेल. तुम्ही त्याला बाकीच्यांची नावे विचारा. तो ती सांगेपर्यंत पडलेल्या माणसाला त्याचा हात लागू देऊ नका.